सोंडे कुणाच्या माहेरचे?

अहो वहिनी, जरा कुंपणापाशी या. गॅस बंद करून या बरं, लवकर आटपायचं नाही हे.

कोपऱ्यावरच्या बंगल्यात काल जुंपली. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या माहेरचा तांदूळ आला आणि घरभर किडे झाले." सून कसली ऐकून घेतेय! "किडे तुमच्याच डब्यांतले," म्हणाली. मी आपली विरजण मागायला गेलेली, तर दोघींनी मलाच पंच केलं. माझ्या वडिलांचं भुसार दुकान होतं ना, किड्यांतच वाढलेय मी. म्हटलं, आणा डबे.

तांदळात सोंडे निघाले. काळपट, दाण्याहूनही बारीक आणि तोंडाला सोंड. याची मादी दाणा कोरून आत अंडं घालते आणि वरून भोक लिंपून टाकते. अळी आतल्या आत खात बसते, महिनाभराने किडा बाहेर. तोवर कितीही निवडा, दाणा स्वच्छच दिसणार. तांदूळ येऊन जेमतेम पंधरा दिवस झालेत, मग एवढे पोखरलेले दाणे यांच्या डब्यात कुठून तयार होतील? सोंडे माहेरचेच. सासूबाई अशा खुलल्या म्हणता!

मग मी रव्याचा डबा उघडला. त्यात तांबूस, चपटे किडे. यांना सोंड नाही आणि अख्खा दाणा यांच्याने फुटत नाही. रवा, पीठ, कणी यांवरच जगतात. फार माजले की पिठाला उग्र वास येतो, तो भाजूनही जात नाही. सासूबाईंची सवय ठाऊक आहे ना, जुना रवा संपायच्या आत त्यावर नवा ओतायचा. झाकणाच्या आटीत बोट फिरवलं, तर जुन्या पिठाचा थर आणि त्यात दोन महाशय चालताहेत. आता सून खुलली.

मूग मात्र दोघींच्या खात्यावर नाहीत. दाण्याला पांढरे ठिपके चिकटलेले, ती भुंग्याची अंडी. हा शेतातल्या पिकलेल्या शेंगेपासूनच मागे लागतो. डाळ केली की त्याचं फारसं चालत नाही. आणि छताच्या कोपऱ्यातली जाळी? ती पाखराच्या अळीची. कोष करायला ती डबा सोडून भिंत चढते. आपण कोळिष्टक समजून झाडू फिरवतो आणि डबा बघतच नाही.

सासूबाई निघाल्या लगेच ऊन दाखवायला. भाद्रपदातलं ऊन ते! मोठे किडे तेवढे उठून चालते होतात, दाण्यातली अळी मजेत. चालते होऊन जाणार कुठे, तर तुमच्या-माझ्याकडे. वैशाखात पातळ पसरलं असतं तर गोष्ट निराळी. मी म्हटलं, थोडं थोडं फ्रीजरमध्ये ठेवा, उणे 18 अंशांना 4 दिवस. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर दाणा ओल धरतो. मुगाला एरंडेल चोळा. बिब्बे, कडुलिंबाचा पाला हवा तर घाला, पण दाण्यात बसलेल्याला त्याचं काही नाही. आणि डबे आटीसकट घासून, कडकडीत वाळवून मगच भरा.

तेवढ्यात सासऱ्यांनी काय आणावं? गावाकडे कणगीत टाकतात त्या गोळ्या! अहो, हवेतल्या ओलाव्यानेसुद्धा त्यांतून विषारी वायू सुटतो, बंद घरात माणसं दगावतात. मी ओरडलेच. डबीचं झाकणही उघडू नका, आणली त्या कृषी केंद्रात परत द्या म्हटलं. गेले हो चप्पल घालून, पण तोंड एवढं करून.

बरं, परवा त्या सासूबाईंनी तुम्हाला वाटीभर रवा दिला होता ना? चाळलात की नाही?

अगंबाई! म्हणजे सत्यनारायणाचा तो प्रसाद...?