जाळ अन् धूर संगटच

कोल्हापुरात पोरानं बुलेट घेतली की पेढे वाटावे लागत नाहीत. गाडी शोरूममधून घरी येते, दारात तिला ओवाळतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि हार सुकायच्या आत कंपनीचा सायलेन्सर उतरवून, पेपरात गुंडाळून माळ्यावर टाकतात. त्याच्या जागी जे काही बसतं, त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या पेठेला कळतं की अमक्याच्यात नवी गाडी आली.

आमच्या लहानपणी बुलेट तिघांकडेच असायची : पैलवान, पाटील आणि फौजदार. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली तीच मुळी लष्कराला आणि पोलिसांना या गाड्या हव्या होत्या म्हणून. एकच सिलिंडर, साडेतीनशे सीसी आणि कामात कसली म्हणून घाई नाही. तिचा आवाज भारदस्त होता, पण तो कुणाला दाखवण्यासाठी काढलेला नव्हता. शिवाय ती सुरू करणं ही एक विद्या होती. अँपिअरचा काटा मधोमध आणायचा, डीकॉम्प्रेशनची कळ दाबायची आणि मग अंगातलं सगळं बळ एका टाचेत आणून किक मारायची. जरा चुकलं की तीच किक उलटून नडगीवर. बुलेटवाल्याबद्दल गल्लीत जो आदर होता, त्यातला निम्मा त्याच्या नडगीबद्दल होता.

आता बटण दाबलं की बुलेट सुरू होते. बटण दाबायला कसली आलीय मर्दुमकी? मग ती दाखवायची कुठं, असा पेच पडला आणि तो मागच्या नळकांड्यानं सोडवला.

या नळकांड्यांची नावं मला पाठ आहेत, कारण आमच्या गल्लीतली पोरं दुसरं काही बोलतच नाहीत. इंदोरी, पंजाबी, डॉल्फिन, मेगाफोन, शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल. दुकानदार एकेक लावून आवाज ऐकवतो. ‘ह्यो घ्या, ह्याला बेस हाय. ह्यो नुसताच कर्कश हाय, कॉलेजच्या पोरास्नी चालतोय.’ खरं तर सायलेन्सरच्या पोटात कप्पे असतात, जाळी असते. इंजिनातून तावातावानं निघालेला वायू या कप्प्यातून त्या कप्प्यात फिरून फिरून दमतो आणि शेवटी निमूटपणे बाहेर पडतो. सरकारी कचेरीत अर्जदाराचं जे होतं, तेच. पोरं ती जाळी आणि ते कप्पे काढून टाकतात. मग वायूचा ताव जसाच्या तसा रस्त्यावर येतो.

ज्यांचं एवढ्यानंही भागत नाही त्यांनी फटाक्याचा शोध लावला. चालत्या गाडीची चावी बंद करायची, क्षणभर थांबायचं आणि परत चालू करायची. मधल्या वेळात इंजिनानं न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरात ढकललेलं असतं. ते तिथं एकदम पेटतं आणि बंदुकीचा बार उडतो. शंभरी ओलांडलेलं पेट्रोल गाडी पुढं नेण्याऐवजी शेजारच्या म्हाताऱ्याला कॉटवरून खाली आणण्याच्या कामी येतं. ‘जाळ अन् धूर संगटच’ असं आमच्याकडं कौतुकानं म्हणतात. ते म्हणणाऱ्यांनी इतकं शब्दशः घेतलं असेल असं वाटलं नव्हतं.

कायदा या बाबतीत मुका आहे, असं मात्र कुणी म्हणू नये. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम म्हणतो की प्रत्येक गाडीला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर पाहिजे. ट्रॅक्टरसुद्धा त्यातून सुटलेला नाही. पावणेदोनशे सीसीच्या वरची दुचाकी कारखान्यातून बाहेर पडताना ८० डेसिबलच्या आत बोलली पाहिजे. आणि ८० वरून ९० झाले म्हणजे दहानं काय बिघडतंय, असं समजू नका. डेसिबलच्या हिशोबात दहा वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) आवाजाचे नियम मोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही सांगतं. वर तीन महिने लायसन्सला मुकायचं. मालकानं गाडीत परवानगीशिवाय बदल केले तर कलम १८२ए मध्ये प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये वेगळेच. हे सगळं वाचून मला वाटलं, एवढा कायदा असताना आमच्या गल्लीत रात्री सुई पडली तरी ऐकू यायला हवी.

पण मग मोजायचं कुणी? पीयूसीवाला मोजेल म्हणावं, तर तो धूर मोजतो. जाळी काढलेली बुलेट धडाडत त्याच्या टपरीसमोर येते. तो एका कानात बोट घालतो, दुसऱ्या हातानं मशीनची नळी सायलेन्सरात सारतो आणि गाडी प्रदूषण करत नसल्याचं सर्टिफिकेट छापून देतो. त्याचीही चूक नाही, त्याच्या मशीनला कान नाहीत.

आपण मोजावं म्हटलं, तर २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. मर्यादेपेक्षा दहा डेसिबल जास्त आवाज झाला तर कुणाही नागरिकाला तक्रार करता येते. म्हणजे रात्री साडेअकराला दचकून उठावं, चष्मा शोधावा, खिडकीतून मीटर बाहेर धरावा आणि पंचावन्न भरले तर पोलिसांना फोन लावावा. तोवर बुलेट पंचगंगेचा पूल ओलांडून शियेच्या वाटेला लागलेली असते.

तेव्हा खरा मीटर एकच, चौकात उभ्या असलेल्या हवालदाराचा कान. हा कान कसा चालतो ते मला जवळून बघायला मिळालं, कारण पोलिसांच्या सायलेन्सरविरोधी मोहिमेत मीच सापडलो.

आमची मारुती ८०० आहे. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, स्वभावानं अत्यंत गरीब. जन्मात कुणावर आवाज चढवला नव्हता तिनं. पण पावसाळा सरला आणि तिचा घसा एकाएकी मोकळा झाला. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं, गाडीचा आवाज येतोय. माझं म्हणणं, रस्ता खराब आहे. कोल्हापुरात हे दुसरं विधान कुणालाही खोडून काढता येत नाही, त्यामुळे वाद लांबला. अशातच एका रविवारी संध्याकाळी आम्ही भाजी घेऊन परतत होतो. चौकात नाकाबंदी होती. रस्त्याच्या कडेला बुलेटींची रांग आणि त्या रांगेच्या शेवटी शिट्टी मारून आम्हाला उभं केलेलं.

पुढं जे चाललं होतं ते तिकीट काढून बघावं असं होतं. प्रत्येक पोरगं फोनवर होतं आणि प्रत्येक पोराचा आण्णा, दादा नाहीतर साहेब पलीकडं होता. पोरगं फोन पुढं करायचं, ‘साहेब, जरा बोला की.’ हवालदार शांतपणे फोन कानाला लावायचे. ‘होय साहेब... होय... ओळखतोय की... पोरगं तुमचंच हाय साहेब, पण सायलेन्सर आमच्या हद्दीत हाय.’ फोन परत. पावतीचं मशीन पुढं.

एका पोरानं शपथेवर सांगितलं, ‘कंपनी फिटिंग हाय साहेब.’

‘सुरू कर.’

पोरानं गाडी सुरू केली आणि ॲक्सिलरेटरला नुसतं बोट लावलं. गाडी कशीबशी कुजबुजली.

‘असं न्हाई. रात्री रंकाळ्यावर पिळतोस तसा पीळ.’

‘मी कुठं पिळतोय साहेब?’

‘मी तिथंच राहतोय.’

पोरानं मान खाली घातली. मीटर नाही, कागद नाही, पण इतका भक्कम पुरावा मी कोर्टातसुद्धा ऐकलेला नाही. पुढं साहेबांच्या जीपमधून आवाज मोजायचं यंत्रही आलं. ते एका बुलेटीमागं धरलं, आकडा आला, साहेबांनी तो लिहून घेतला. हवालदारांनी यंत्राकडं ज्या नजरेनं पाहिलं त्यावरून दोघांचं एकमत झालं होतं हे उघड होतं. यंत्रानं त्यांना दुजोरा दिला, एवढंच.

मग ते आमच्याकडं वळले. माझे पांढरे केस बघितले, मागच्या सीटवरची मेथी बघितली आणि दुखावल्यागत म्हणाले, ‘काका, तुम्हीपण?’

माझ्या आधी सौभाग्यवती बोलल्या. ‘अहो साहेब, कधीपासून सांगतेय मी यांना. ऐकतील तर शपथ. आता तुम्हीच सांगा.’ सरकार पक्षाची साक्ष घरातूनच निघाल्यावर आरोपीनं काय करावं? हवालदारांनी मोबाईलची बॅटरी लावली, गुडघा टेकून गाडीखाली वाकले, बोटानं कुठंतरी टकटक केलं. लालभडक गंजाचे पोपडे रस्त्यावर पडले. हात झटकत ते उठले.

‘ह्यो मॉडिफाय न्हाई काका. ह्यो मेलाय.’

‘मग दंड?’

‘आवाज तो आवाजच, काका. पण तुम्ही हौसेनं केलेला न्हाई. उद्याच्या उद्या नवीन बसवा, परत असा सापडला तर मात्र फाडणार.’

हौसेनं केलेला गुन्हा आणि कंजुषीनं झालेला गुन्हा यांत फरक करणारं कलम कुठल्याच कायद्यात नाही. ते त्या हवालदारांनी जागच्या जागी केलं, आणि मला विचाराल तर चांगलं केलं. मी गाडी सुरू करून निघणार, तेवढ्यात ज्याची बुलेट नुकतीच जप्त झाली होती ते पोरगं खिडकीशी वाकलं आणि मोठ्या आदरानं म्हणालं, ‘काका, बेस लय भारी हाय. कुठं बसवलासा?’

उभ्या हयातीत तरुण पिढीकडून मिळालेली ही माझी एकमेव दाद.

उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं सायलेन्सर उतरवून उभा धरला तर त्यातून पाणी सांडलं. पेट्रोल जळताना वाफ तयार होते, गाडी लांब पळाली तर तापलेल्या सायलेन्सरातून ती उडून जाते. पण मंडई ते घर एवढीच दौड असली की नळी तापायच्या आत गाडी बंद, वाफेचं पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून सडतो. ‘काका, महिन्यातनं एकदा गाडी ज्योतिबाला न्या,’ मिस्त्री म्हणाला. ‘देवाचंबी होईल, सायलेन्सरचंबी होईल.’

हाच मिस्त्री मी चौकात पाहिला होता. पोलिसांनी पोरांना जागेवरच सायलेन्सर उतरवायला लावले, तेव्हा पोरांनी याला पाने घेऊन बोलावलं. त्यातले बरेच यानंच बसवलेले. मी तसं म्हटल्यावर तो जराही ओशाळला नाही. ‘बसवायची मजुरी येगळी, काढायची येगळी, कंपनीचा परत बसवायची येगळी. मोहीम निवळली की पोरं परत येत्यातच.’ या सगळ्या प्रकरणात ध्वनिप्रदूषण नियंत्रणाचा खरा लाभार्थी कोण, हे मला त्या दिवशी कळलं.

जप्त केलेल्या सायलेन्सरचं पुढं काय होतं ते तुम्ही पेपरात पाहिलं असेलच. राज्यातल्या बऱ्याच शहरांत पोलिस ते रस्त्यावर ओळीनं मांडतात आणि वरून रोडरोलर फिरवतात. फोटो झकास येतो. गंमत एवढीच की त्या वेळी सगळ्यात मोठा आवाज रोडरोलरचा असतो. मुंबई पोलिसांनी २०२० मध्ये याहून शहाणी युक्ती काढली होती. सिग्नलच्या खांबाला आवाजाचा मीटर जोडला आणि हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू. वाजवा किती वाजवायचंय ते. आमच्याकडं हे चाललं नसतं. दिवा पुन्हा लाल झाला म्हणून त्या आनंदात कुणीतरी फटाका काढला असता.

पोरांचीही एक बाजू आहे आणि ती खोटी नाही. ती म्हणतात, आमच्या नळीला दंड, मग मिरवणुकीतल्या डॉल्बीला काय? ध्वनिप्रदूषणाच्या त्या नियमांनुसारच राज्य सरकारला वर्षातले पंधरा दिवस रात्री बारापर्यंत लाउडस्पीकरची सूट देता येते. चौकात कान लावून बुलेट ओळखणारे हवालदार मिरवणुकीत त्याच कानांत कापूस घालून उभे असतात. पण पोरांच्या या युक्तिवादात एक खोट आहे. डॉल्बी पंधरा दिवसांची, बुलेट तीनशे पासष्ट दिवसांची.

माझं मत विचाराल तर रोडरोलर एवढा लांब न्यायचं काही कारण नाही. हे सायलेन्सर एका रस्त्यावरची दुकानं दारावर माळेसारखे टांगून, रेट सांगून, आवाज ऐकवून विकतात. तो रस्ता मिस्त्रीला माहीत आहे, पोरांना माहीत आहे, मला माहीत आहे, तेव्हा पोलिसांनाही असणारच. पहिली धाड तिथं घाला. चौकात फोन पुढं करणारी पोरं ही नुसती गिऱ्हाइकं आहेत.