बोर्डामागचा माणूस: एक पंचावयवी प्रबंध

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा आजवरचा अभ्यास खेळाडू, प्रशिक्षक आणि चेंडू या तीन गौण घटकांभोवतीच घुटमळला आहे. जो तिकीट काढतो, तोंडाला निळा रंग फासतो, घसा बसवून घेतो आणि सामना जिंकल्यावर कोर्टाचा ताबाही घेतो, त्या प्रेक्षकाची शास्त्राने दखलच घेतली नाही. ही उणीव प्रस्तुत प्रबंध भरून काढत आहे. मांडणी न्यायशास्त्राच्या पंचावयवी पद्धतीने केली आहे. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे आग आहे, एवढे सिद्ध करायला आपल्या पूर्वजांना पाच अवयव लागले. येथे तर वीस हजार माणसे एकदम ओरडत आहेत.

प्रतिज्ञा

यजमान कॉलेजचा प्रेक्षक हा त्या संघाचा खेळाडूच होय. इतर खेळाडूंहून त्याचा भेद एवढाच, की तो कितीही वाईट खेळला तरी प्रशिक्षकाला त्याला बाहेर बसवता येत नाही.

हेतू

कारण, बोर्ड. 1891 साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी जिमच्या सज्जाच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकल्या. कठडा जमिनीपासून 10 फुटांवर होता, म्हणून बास्केट आजही 10 फुटांवर आहे. पण सज्जा म्हटला की प्रेक्षक आले, आणि प्रेक्षकांना हात असतात. आपल्या संघाचा चेंडू टोपलीत लोटायला आणि परक्यांचा बाहेर ढकलायला ते वरून वाकू लागले. त्यांना आवर घालण्यासाठी टोपलीमागे आडोसा आला, तोच आजचा बोर्ड. चेंडू त्यावर आपटून बास्केट करता येते हा नंतर लागलेला शोध. मुळात बोर्ड हा बंदोबस्ताचा भाग होता.

पुढे मागच्या लोकांनाही सामना दिसावा म्हणून बोर्ड काचेचा झाला. शास्त्रदृष्ट्या ही घोडचूक होय. काचेतून प्रेक्षकाला खेळाडू दिसतो हे खरे, पण त्याच काचेतून खेळाडूलाही प्रेक्षक दिसतो. हात अडले, हावभाव आरपार गेले. यानंतरचा सगळा इतिहास या एका गळतीचा इतिहास आहे.

उदाहरण

अभ्यासाच्या सोयीसाठी प्रेक्षकांचे चार संप्रदाय कल्पिले आहेत.

*पहिला, दृश्यवादी.* याचे पीठ ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत आहे. फ्री थ्रोची रेषा बोर्डापासून 15 फुटांवर असते आणि नेम धरणाऱ्याला आडवे येण्याची कोणालाही परवानगी नसते. कायद्यातल्या या शांततेचा लाभ घेऊन 2013 पासून तिथले विद्यार्थी बास्केटमागे एक काळा पडदा धरतात. पाहुणा खेळाडू नेम धरतो तोच पडदा सरकतो आणि आतून चित्रविचित्र सोंगे बाहेर पडतात. जानेवारी 2016 मध्ये पडद्याआडून साक्षात जलतरणपटू मायकेल फेल्प्स प्रकटले. अंगावर पोहण्याची चड्डी आणि गळ्यात ऑलिंपिक पदके, एवढाच वेश. पाहुण्यांचे दोन्ही फ्री थ्रो हुकले. फेल्प्स यांची ही कामगिरी ऑलिंपिक समितीच्या दप्तरी नोंदलेली नाही, याकडे विद्वानांचे लक्ष वेधावेसे वाटते.

*दुसरा, नादवादी.* कॅन्सस युनिव्हर्सिटीचे लॉरेन्समधले ॲलन फील्डहाउस हे या पंथाचे आद्यस्थान. 1955 साली उघडलेल्या या वास्तूत 2024 पर्यंत सुमारे 16,300 माणसे मावत. पाहुण्या खेळाडूंची ओळख करून दिली जात असताना इथले विद्यार्थी वर्तमानपत्र उघडून त्यात तोंड खुपसतात. आपला संघ आला की त्याच पेपराचे कपटे करून उधळतात. छापील माध्यमांचे भवितव्य काय, यावर चिंतन करणाऱ्यांनी या उपयोगाचा विचार केलेला दिसत नाही.

आता आकडे पाहू. 28 जानेवारी 2017 रोजी केंटकी युनिव्हर्सिटीच्या प्रेक्षकांनी रप अरीनात 126.4 डेसिबलची आरोळी ठोकून बंदिस्त जागेतल्या गोंगाटाचा गिनेस विक्रम केला. समोर पाहुणा संघ होता कॅन्ससचाच. कॅन्ससने 79–73 असा सामना जिंकला आणि सोळाच दिवसांनी आपल्या घरी 130.4 डेसिबल नोंदवून विक्रमही काढून घेतला. फरक 4 डेसिबलचा दिसतो, पण ध्वनीच्या हिशेबात तो सुमारे अडीचपट तीव्रतेचा असतो. नादवाद्यांच्या मते यावरून आरोळीचे सामर्थ्य सिद्ध होते. केंटकीच्या नादवाद्यांनी या प्रश्नावर अद्याप कंठ फोडलेला नाही.

*तिसरा, मौनवादी.* इंडियानातल्या अपलँड गावी टेलर युनिव्हर्सिटी आहे. डिसेंबरातल्या परीक्षांच्या तोंडावर तिथे एक सामना असा होतो, की यजमान संघाचा दहावा गुण होईपर्यंत भरलेले सभागृह गप्प बसते. चेंडूचे टप्पे आणि बुटांची करकर तेवढी ऐकू येते. दहावा गुण होताच पायजम्यातली, सोंगे घेतलेली सगळी पोरे छप्पर उडवतात. इतर पंथांत ओरडायला शक्ती लागते, इथे न ओरडायला. नऊ गुणांवर संघ अडकला असता त्या सभागृहातली माणसे कोणत्या अवस्थेतून जातात, याचे वर्णन पतंजलींनाही जड गेले असते.

*चौथा, तपोवादी.* नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक युनिव्हर्सिटीचे कॅमरन इनडोअर स्टेडियम 1940 पासून उभे आहे. जागा 9,314. दहा मैलांवरचा नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीचा संघ खेळायला येणार, की विद्यार्थी भर हिवाळ्यात बाहेरच्या हिरवळीवर तंबू ठोकून आठवडेच्या आठवडे राहतात. माजी प्रशिक्षक माइक शेशेफ्स्की यांच्या आडनावावरून त्या वस्तीला शेशेफ्स्कीव्हिल म्हणतात. अर्थात, ते नाव उच्चारता येणे ही प्रवेशाची अट नाही. तंबूत रात्री किती माणसे हवीत, दिवसा किती चालतील, याचे नियम आहेत, आणि अवेळी भोंगा वाजवून हजेरी घेणारे विद्यार्थी-पहारेकरीही आहेत. ज्या तरुणांची सकाळच्या तासाची हजेरी भरत नाही, त्यांना पहाटे दोनच्या हजेरीचे पावित्र्य कळते, हे शिक्षणशास्त्राने ध्यानात घेण्याजोगे आहे. तपाचे फळ म्हणजे कोर्टालगतच्या बाकांवर सबंध सामनाभर उभे राहण्याचा हक्क. देणगीदार मंडळी वरच्या मजल्यावर बसतात.

कोणत्याच संप्रदायात न बसणारा एक अपवादही नोंदवला पाहिजे. अर्कान्सॉमधल्या जॉन ब्राउन युनिव्हर्सिटीत मोसमातल्या पहिल्या घरच्या सामन्यात पहिली बास्केट पडताच प्रेक्षक टॉयलेट पेपरची शेकडो भेंडोळी कोर्टावर फेकतात. पंच नियमाप्रमाणे यजमानांना टेक्निकल फाउल देतात. पुढच्या वर्षी पुन्हा भेंडोळी, पुन्हा फाउल. गुन्हा आणि शिक्षा दोन्ही परंपरेत मुरल्यावर त्यांना संस्कार म्हणतात.

उपनय

येथे पूर्वपक्ष उभा राहतो: प्रेक्षक खेळतो हे कबूल, पण त्याने काही साधते का? सिरॅक्यूजच्या डोममध्ये 23 फेब्रुवारी 2019 रोजी 35,642 प्रेक्षक जमले, कॉलेजच्या स्वतःच्या आवारातला तोवरचा विक्रमच. आणि सिरॅक्यूज ड्यूककडून 75–65 असे हरले. उलट ऑक्टोबर 2023 मध्ये आयोवाच्या महिला संघाने फुटबॉलच्या उघड्या मैदानावर प्रदर्शनीय सामना ठेवला, संघातल्या केटलिन क्लार्कला पाहायला 55,646 लोक आले, आणि आयोवा जिंकली. म्हणजे घातक गर्दीची पातळी या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असली पाहिजे.

महासाथीने शास्त्राला आयता प्रयोगही करून दिला. 2020–21 च्या मोसमात कॅमरन रिकामे राहिले, आणि 1995 नंतर प्रथमच ड्यूकला राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली नाही. विरोधक याला काकतालीय न्याय म्हणतात. आमचे उत्तर असे, की कावळा बसल्यामुळे फांदी मोडली नसेलही. पण कावळ्याला तसे सांगून पाहा.

कायद्यानेही हाच पक्ष घेतला आहे. विजयानंतर प्रेक्षक कोर्टावर धावून गेले तर साउथईस्टर्न कॉन्फरन्स या कॉलेजांच्या गटाने 2023 साली पहिल्याच वेळी यजमान कॉलेजला 1 लाख डॉलर दंड ठेवला, आणि गटातल्या सामन्यात ती रक्कम हरलेल्या पाहुण्यांना द्यायची असे ठरवले. नुसत्या बघ्याच्या कृत्याचा एवढा मोबदला कोणी मागत नसतो.

निगमन

तस्मात्, प्रेक्षक खेळाडूच होय. राहता राहिला मानधनाचा प्रश्न. त्याचे उत्तर ॲरिझोना स्टेटचेच मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी 1976 साली दिले. आपला संघ शनिवारी जिंकला, की सोमवारी वर्गात कॉलेजच्या नावाचे कपडे घालून येणाऱ्यांची संख्या वाढते, असे त्यांच्या निरीक्षणात आढळले. निरीक्षणे अमेरिकन फुटबॉलची होती. मीमांसकांच्या अतिदेशाने ती बास्केटबॉललाही लागू करण्यास प्रत्यवाय नसावा. सारांश, या खेळाडूला गणवेश सामन्यानंतर मिळतो, तोही जिंकल्यावरच, आणि त्याचे पैसे तो स्वतः भरतो.