नांदूरघाटात वस्तुसंग्रहालय कसं काढावं: नवशिक्यांसाठी

सर्वात आधी मुंबईतल्या म्युझियमचा घुमट डोक्यातून काढून टाका. आपल्या केज तालुक्यात ममी मिळत नाही आणि मिळाली तरी लोडशेडिंगमध्ये टिकायची नाही. आपल्याला रोजच्या वापरातल्या वस्तूंचं संग्रहालय काढायचं आहे, त्याला पत्र्याची एक खोली पुरते. कडबा भरलेली खोली असेल तर उत्तम, कारण निम्मं संग्रहालय कडब्याखालीच निघतं. मात्र भावकीचा वाद चालू असलेला वाडा घेऊ नका; उद्घाटनाच्या तारखेआधी कोर्टाची तारीख पडेल.

आता प्रतिस्पर्धी ओळखा. तो म्हणजे भंगारवाला. तुम्ही वस्तूची थोरवी सांगत बसाल, तो काटा काढून किलोवर पैसे मोजेल. घरातली सून कुणाचं ऐकेल, हे सांगायला नको. त्यामुळे त्याच्याशी भांडू नका, मैत्री करा. आठवड्यातून एकदा त्याच्या ढिगाशेजारी चहा प्यायची सवय लावून घ्या.

घरचे वेड्यात काढतील, त्याची तयारी ठेवा. अशा वेळी पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांचं (1896–1990) नाव घ्यावं. ‘अज्ञातवासी’ नावानं कविता लिहिणारा हा माणूस लोकांकडून अडकित्ते, दिवे, वज्री, सोऱ्या गोळा करत राहिला. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं संग्रहालय उभं केलं. वीस हजारांहून जास्त वस्तू जमल्या आणि पुढे तो सगळा पसारा त्यांनी राज्य सरकारला देऊन टाकला. आपल्या गावात ही पाळी येणार नाही. सरकार घ्यायला येईल याची काळजी सोडा.

वस्तू निवडताना नवशिके हमखास पितळेला भुलतात. चार समया, एक जातं, भिंतीला टेकवलेलं बैलगाडीचं चाक: असं संग्रहालय हल्ली हायवेवरच्या हॉटेलातही असतं आणि तिथं पिठलं-भाकरीही मिळते. तुम्ही स्टीलकडे वळा. कुठल्याही मांडणीवरची परात उलटी करून उजेडात धरा. बारीक ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत काठालगत लिहिलेलं असतं: चि. सौ. कां. अमुक हिस, मामाकडून सप्रेम भेट, गाव, तारीख. भांड्याच्या दुकानात घर्रऽ करत नाव टाकणाऱ्यानं जागा संपली म्हणून ‘भेट’मधला ‘ट’ खाली लिहिलेला असतो. घासून घासून मामा पुसट झालेला असतो, तारीख मात्र शाबूत. शिलालेखावर प्रबंध होतात. कोणत्या साली कोणत्या गावाशी सोयरीक झाली आणि मामाची ऐपत परातीची होती की चमच्यांची, हे सांगणाऱ्या या लेखांकडे कुणी पाहत नाही. त्यांच्यापासून सुरुवात करा.

तांब्या ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, त्याला थोर साक्षीदार आहेत. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर दांपत्य भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथं आलं आणि 1958 च्या अहवालात त्यांनी सर्वात जास्त कौतुक केलं ते साध्या लोट्याचं: कमरेवर कसा बसतो, पाणी कसं ओततो, आतून कसा घासता येतो. त्या अहवालातून 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. अर्थात दुष्काळी उन्हाळ्यात टँकरपुढं निळी टिपाडं आणि प्लास्टिकच्या घागरी ओळीनं लागलेल्या पाहिल्या की वाटतं, त्या अहवालाला मराठवाड्याची एक पुरवणी हवी होती. घागर प्लास्टिकची झाली म्हणून हळहळणाऱ्यानं तांब्याची घागर भरून एकदा टँकरपासून घरापर्यंत आणावी. मग संग्रहात प्लास्टिकला पहिली रांग द्यावी.

परदेशी उदाहरण हवंच असेल तर तुर्की कादंबरीकार ओरहान पामुक यांचं. आपल्या कादंबरीतल्या वस्तूंचं संग्रहालय त्यांनी 2012 मध्ये इस्तंबूलला उघडलं. नायिकेनं ओढलेल्या सिगारेटची 4,213 थोटकं तिथं भिंतीवर टाचलेली आहेत. आपल्याकडे पारावर सकाळी विड्यांची तेवढी थोटकं सहज जमतील. फक्त त्यातून प्रेमकथा कमी आणि ग्रामपंचायतीचं राजकारण जास्त निघेल.

‘वस्तूंना हात लावू नये’ अशी पाटी लावू नका. एखादी म्हातारी येईल, जात्याचा खुंटा तुम्ही चुकीचा बसवलाय म्हणून तुम्हाला झापेल आणि ठोकून नीट बसवून जाईल. तिला तज्ज्ञ म्हणून नेमा. मानधन मागणार नाही, पण चहात साखर कमी पडली तर राजीनामा देईल.

शेवटी कोयता. ऊसतोडीचा कोयता नसेल तर बीड जिल्ह्यात संग्रहालय काढूच नये. तो तेल लावून चमकवू नका; घामानं काळी पडलेली मूठ तशीच दिसू द्या. खाली ‘लोखंड व लाकूड’ एवढंच लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. लिहा की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर ठरते, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी आणि एकट्या माणसाचा अर्धा कोयता धरतात. हे वाचून शहरातले पाहुणे गप्प होतील, तेव्हा लगेच चहा विचारू नका.

उद्घाटन दिवाळीनंतर ठेवू नका. त्या दिवसांत या वस्तूंचे मालक कारखान्यांच्या फडात असतात, टाळ्या वाजवायला पुढारीच उरतात. मे महिना धरा आणि टँकरवाल्याला आधी सांगून ठेवा.