एक दिवस पुरतो

डेक्कन ओडिसी म्हणजे रुळांवरची क्रूझ. रात्री गाडीत निजायचं, सकाळी डोळे उघडले की नवं बंदर. २००४ साली सुरू झालेली ही शाही गाडी कोरोनात थांबली, २०२३ मध्ये पुन्हा निघाली. तिच्या ‘महाराष्ट्र स्प्लेंडर’ सफरीत कोल्हापूरच्या वाट्याला येतो एक दिवस.

लगेच आपली कुरकुर सुरू: एका दिवसात कोल्हापूर काय कळणार?

कळतं. दाखवणाऱ्याला दाखवता आलं तर.

१९०२ मध्ये शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी बोटीने इंग्लंडला गेले. त्याच दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. रोममध्ये काही त्यांनी बिऱ्हाड केलं नव्हतं. तरी १९१२ मध्ये इथे खासबाग मैदान उभं राहिलं. मधे हौदा, भोवती चढत गेलेलं बैठकीचं रिंगण, शेवटच्या माणसालाही कुस्ती सरळ दिसते. पाहुणा किती तास थांबला हे कशाला मोजायचं? जाताना काय घेऊन गेला, ते विचारा.

आणि आपण त्याला देतो काय?

बस. न्यू पॅलेस. अंबाबाई. फोटो. बस.

अंबाबाईचं दर्शन हवंच, त्यावर वाद नाही. न्यू पॅलेसही देखणा आहे. १८८४ मध्ये तो पूर्ण झाला, आराखडा मेजर मँटचा. पण बडोद्याचा लक्ष्मीविलासही त्याच मँटने आखला. मँटचा राजवाडा बडोद्यातही बघायला मिळेल. गंगावेशीतला दूध कट्टा मिळेल का?

भर रस्त्याकडेला म्हैस उभी. गवळ्याच्या हातून धार थेट पेल्यात. वर फेस, खाली कोमट दूध, पिणारा उभ्याउभ्याच पेला रिकामा करतो. पाहुण्याला प्यायचं नसेल तर नको, पण बघू तर द्या. यासाठी ना तिकीट लागतं, ना रंगमंच.

तीच गोष्ट तालमीची. पाहुण्यांपुढे मल्लांना खेळ करायला लावू नका. वस्तादांची परवानगी घ्या आणि मेहनत चालू असताना गुपचूप कडेला उभे राहा. तांबडी माती, तिच्यात मुरलेलं तेल, ताक, हळद, लिंबू. तो वास कुठल्या माहितीपत्रकात येणार?

आता चप्पल. जून २०२५ मध्ये प्रादा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरी धाटणीची चप्पल रॅम्पवर आणली. कोल्हापूरचं नाव न घेता. ओरड झाली तेव्हा प्रेरणा भारतीय हातकामाच्या चपलांची असल्याचं मान्य केलं, आणि जुलैत कंपनीची माणसं इथल्या कारागिरांच्या दारात आली. मिलानहून कंपनी कारागिरापर्यंत पोहोचते. मग स्टेशनावरून पर्यटकांची बस का पोहोचू नये?

दुकानात टांगलेला जोड बघून काहीच कळत नाही. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं, तळ चामड्याच्याच वादीने शिवतात, खिळा लागत नाही. हे अर्धा तास शेजारी बसून पाहिलं, की गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळालं. पण जोडावर कारागिराचं नाव किती ठिकाणी दिसतं?

दोष फक्त गाडीवाल्यांना देऊन सुटका नाही. पुण्याचे पाहुणे घरी आले की आपण वेगळं काय करतो? सकाळी जोतिबा, दुपारी पन्हाळा, संध्याकाळी रंकाळा. पाहुणे दमतात, आपण दमतो, आणि शहर राहतं बाजूला.

पाच ठिकाणं धावत दाखवण्यापेक्षा तीन ठिकाणी बसवा.

महापालिका, तालमींचे वस्ताद, गवळी, चप्पल कारागीर आणि गाईड यांनी एकत्र बसून हा दिवस आखावा. तालमीत कधी गेलेलं चालेल, हे वस्ताद सांगतील. जोडाचा दर कारागीर सांगेल आणि पैसे त्याच्याच हातात पडतील. एवढं ठरवायला कुठली समिती नेमायची, कुणाच्या निधीची वाट बघायची?

गाडीकडे दुसरा दिवस मागू नका. आहे तो दिवस कसा जाईल, हे कोल्हापुरात ठरू द्या.