राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ यांस अनावृत पत्र

रा. रा. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ साहेब यांस,
मुक्काम हजिरा ते पारादीप, मार्गे कारधा.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपली-आमची भेट हल्ली होत नाही. तुम्ही आमच्या ओसरीपासून हाकेच्या अंतरावरून रात्रंदिवस जाता आणि मी ओसरीत बसून तुमचे हॉर्न ऐकतो, पण याला कोणी भेट म्हणत नाही. भेट म्हणजे कशी, माणसानं विनाथांबा गाडीत दाटीवाटीनं उभं राहून पारडी नाक्यापर्यंत तुमच्या अंगाखांद्यावरून जावं आणि संध्याकाळी त्याच धुळीतून परत यावं. तसे आपले संबंध होते. ते तुटले, आणि कोणी विचारपूससुद्धा केली नाही.

तुम्हाला नाव बदलायची सवय आहे, म्हणून आधी ओळख पटवून देतो. आजोबांच्या वेळी तुम्ही ग्रेट ईस्टर्न रोड होतात. दुर्ग-रायपूरकडे अजून तुम्हाला जी. ई. रोड म्हणतात. मग तुम्ही सहा नंबर झालात. २०१० साली दिल्लीत कुणीतरी देशातल्या सगळ्या महामार्गांचं पुन्हा बारसं केलं आणि तुम्ही त्रेपन्न झालात. सहावरून त्रेपन्नावर घसरूनही तुमचं वजन कमी झालं नाही, उलट अंग रुंदावलं. आमच्यासारख्याचा नंबर एवढा खाली गेला असता तर कंपनीनं निरोपसमारंभही केला नसता.

आणि मी कारध्याचा. भंडाऱ्याकडून येताना वैनगंगेचा पूल उतरला की लागतं ते आमचं गाव. एरवी आमचं नाव पेपरात येत नाही. पावसाळ्यात येतं, तेही मीटरमध्ये. वैनगंगेची धोक्याची पातळी कारध्याला मोजतात, २४५.५० मीटर. पाणी तिच्यावर गेलं की मुंबई-पुण्याचे नातेवाईक फोन करतात, खाली उतरलं की पुढच्या जुलैपर्यंत विसरतात.

या पुराचा आणि आपल्या संबंधांचा फार जवळचा धागा आहे. कारध्याला दोन पूल आहेत, एक इंग्रजांच्या काळातला लहान आणि एक मोठा. लहान पूल पाण्याखाली जातो, मोठा शाबूत राहतो. आता नागपुरात बसलेल्या साहेबाला हे दोन पुलांचं प्रकरण कुठं ठाऊक? ‘कारधा पूल वाहतुकीसाठी बंद’ एवढी बातमी आली की आम्ही ती साहेबाला पाठवायचो आणि वर पांघरूण ओढून घ्यायचो. कोणता पूल, हे ना बातमीच्या मथळ्यात असायचं, ना आमच्या निरोपात. २०२० च्या ऑगस्टअखेर संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं आणि भंडाऱ्यात घराघरांत वैनगंगा शिरली. त्या वर्षी खरोखर सुटी मागावी असा पूर होता. पण कोरोनामुळे मार्चपासून आम्ही लॅपटॉप घेऊन घरीच. साहेब फोनवर म्हणाले, ‘‘बरं झालं, तुम्हाला यायचं नाही ते. नेट चालू आहे ना?’’

त्या दिवशी मला कळलं की पुरानं रस्ता बंद होतो, घर कधी बंद होत नाही.

तुमचा शत्रू कोण, हेही सांगून ठेवतो. १९७३ साली अमेरिकेत जॅक निल्स नावाच्या, अवकाशयानांच्या संदेशवहनावर काम केलेल्या गृहस्थानं असा हिशेब मांडला की माणसं कामाकडे नेण्यापेक्षा काम माणसांकडे नेणं स्वस्त. तेलाच्या टंचाईचा काळ होता, अनेकांना पटलंही. पण पटलेली गोष्ट अमलात यायला साथ यावी लागली. आता जग उलटं फिरलंय. टीसीएसनं ऑक्टोबर २०२३ पासून पाचही दिवस बोलावलं, अ‍ॅमेझॉननं जानेवारी २०२५ पासून. आमची कंपनी मात्र बोलावत नाही. तिनं नागपुरातला भाड्याचा मजलाच सोडून दिला. तिथं आता कोचिंग क्लास आहे. म्हणजे परत जायचं ठरवलंच, तर मला अकरावीला प्रवेश घ्यावा लागेल.

तुम्ही म्हणाल, रडतोस कशाला? धूळ नाही, धक्के नाहीत, तिकिटाचे पैसे वाचतात. शहरातले माझे मित्र हेच म्हणतात. ते पुण्यात फ्लॅटचं दार लावून घेतात आणि आत काम करतात. शेजारी कोण राहतो हे त्यांना माहीत नसतं, त्यामुळे शेजाऱ्यालाही ते कामाला आहेत की नाहीत याची फिकीर नसते. कारध्यात दार लावायची पद्धत नाही. इथं सकाळी अकरा वाजता घरी दिसणारा धडधाकट माणूस तीनच प्रकारचा असतो, निवृत्त, निलंबित किंवा बिनकामाचा. केस अजून काळे असल्यानं माझा पहिला पर्याय बाद झाला.

समोरच्या काकांनी पहिले काही महिने दम धरला. मग एक दिवस फाटकावर हात ठेवून विचारलंच.

‘‘काय गा, नोकरी सुटली का तुई?’’

‘‘नाही काका, घरूनच काम आहे.’’

‘‘असं? मंग पगार?’’

‘‘मिळतो ना.’’

‘‘पुरा?’’

‘‘पुरा.’’

काकांनी इकडंतिकडं पाहिलं, आवाज खाली आणला. ‘‘कंपनीले मालूम हाये का, तू घरीच रायतोस म्हून?’’

यावर काय बोलावं? इतकी वर्षं या गावानं मला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. पाहिलं होतं ते जाताना. पाठीला पिशवी, हातात डबा, सकाळी पुलाकडे झपझप निघालेला माणूस, एवढीच माझी नोकरी त्यांना दिसायची. आत जाऊन मी काय करतो हे आईलाही कधी सांगता आलं नव्हतं. मला वाटायचं पगार कामाचा मिळतो आणि जाणं हा नुसता खर्च. गावाच्या लेखी उलटं होतं, जाणं हीच नोकरी आणि काम ही कंपनीची खासगी बाब. आता जाणंच बंद झाल्यावर मी नोकरदार आहे याला पुरावा काय? सॅलरी स्लिप कोणी फाटकावर लावत नाही.

त्यात घरी लॅपटॉप आणि नेट. मग तर विचारूच नका. २०२४ च्या जुलैत लाडक्या बहिणीचे अर्ज सुटले आणि आमची ओसरी सेवा केंद्र झाली. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, भिजलेलं रेशन कार्ड, आणि अंगठा न उमटणाऱ्या म्हाताऱ्या. ते संपतं न संपतं तो धानाच्या बोनसची नोंदणी, ई-पीक पाहणी, कुणाच्या पोराचा उत्पन्नाचा दाखला. ‘‘तू तं घरीच हायेस’’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की ते सातबाऱ्यावर चढवून घ्यावं म्हणतो. पूर्वी ही माणसं मला रविवारी गाठायची. तुमच्यामुळे आठवड्याचे सहा दिवस मी त्यांच्या हाती लागत नव्हतो. ते उपकार मला तेव्हा दिसले नाहीत.

आणि तुम्ही तरी सोडता का? मीटिंग चालू असते, वरचे साहेब तिमाहीचे आकडे सांगत असतात, आणि माझी बोलायची पाळी आली की नेमका रायपूरकडून सळया भरलेला ट्रेलर येतो आणि गावात शिरताना तो प्रेशर हॉर्न वाजवतो. साहेब थबकतात. ‘‘तुम्ही प्रवासात आहात का? गाडी बाजूला घ्या, मग बोला.’’ मी मुकाट्यानं उठतो, स्वयंपाकघरात जाऊन बसतो आणि सांगतो, ‘‘घेतली बाजूला.’’ जेव्हा मी खरोखर तुमच्यावर असायचो तेव्हा कुणाला माझी एवढी काळजी नव्हती.

तेव्हाची गाडी आठवते? भंडारा बसस्थानकात एसटी फलाटाला लागायच्या आधीच खिडकीतून रुमाल आत जायचे. सीटवर रुमाल पडला की ती सीट सातबाऱ्यासह त्या माणसाची. एकाचा रुमाल निळ्या चौकटीचा होता, तो रुमाल सगळी गाडी ओळखायची. मालक रजेवर असला तरी त्या सीटवर बसायला नवखाच धजायचा. शहापूर, ठाणा पेट्रोलपंप, खरबी, मौदा, माथनीचा टोल. टोल येईपर्यंत राजकारण आटपायचं, मग पोरीबाळींची स्थळं निघायची आणि पारडीला गाडी अडकली की भिशीचा हिशेब. पारडीच्या उड्डाणपुलाचं काम वर्षानुवर्षं चाललं, म्हणून आमची भिशी इतकी चोख राहिली. तुमचंच एक अंग, अमरावती ते अकोला, जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत घालून गिनीज बुकात गेलं. आम्ही पारडीला उभ्या गाडीत हीच बातमी मोबाइलवर वाचली असती, तर विक्रम कोणाचा हे ठरवणं अवघड झालं असतं.

आता आमच्या घरातून अपडाऊन कोण करतं सांगू? आई. मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि आईला नागपुरातल्या बहिणींची फार आठवण येऊ लागली. सकाळी नऊला ती चपला घालते, मला बजावते, ‘‘वरण गरम करून घेजो, आन् गॅस बंद करजो,’’ आणि पुलाकडे चालू लागते. काका फाटकावरून विचारतात, ‘‘वहिनी, कुठं निघाल्या?’’ त्यांना तिचं कौतुक वाटतं. मी मागं ओसरीत उभा असतो, माझ्याकडे बघून ते मान हलवतात.

खरी जळफळ मात्र साडेनऊला होते. त्या वेळी पुलावरून नागपूर-भंडाऱ्याच्या मोटारींची आणि दुचाकींची रांग उतरते. लाखनी, साकोलीकडे जाणारे मास्तर, ग्रामसेवक, बँकेचे साहेब, दवाखान्याची मंडळी. यातल्या अनेकांना शासनाचा नियम आहे, मुख्यालयी राहा, तरच घरभाडे भत्ता. २०१९ च्या शासन निर्णयानं तर राहत असल्याबद्दल ग्रामसभेचा ठराव मागितला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आमदार प्रशांत बंब यांनी हा विषय विधानसभेत काढला तर राज्यभर मास्तर चिडले. चिडणारच. ज्या गावात भाड्यानं धड खोली मिळत नाही, पोरांना शाळा नाही, तिथं राहा म्हणणं सोपं आहे. पण गंमत पाहा. हे लोक कागदावर गावात राहतात आणि नागपुरातून येतात. मी कागदावर नागपुरात काम करतो आणि गावातून हलत नाही. ज्यांनी राहावं असं सरकारला वाटतं ते तुमच्यावर, आणि ज्याला तुमच्यावर यायचंय तो ओसरीत. ग्रामसभेनं मला हवा तसा ठराव द्यावा, हा माणूस मुख्यालयी राहतो, रात्रंदिवस राहतो, राहून राहून कंटाळला आहे. पण मला घरभाडे भत्ता नाही.

फिरतीचं दुःख वेगळं आहे, ते थोडक्यात सांगतो कारण ते ऐकायचा मान रेल्वेचा. वर्षातून काही वेळा मुंबईची बैठक निघायची. आमचं भंडारा रोड स्टेशन भंडाऱ्यात नाही, दहा-बारा किलोमीटरवर वरठीला आहे. तिथून विदर्भ एक्स्प्रेस, अकोल्याच्या आसपास डबे उघडायचे, कसारा घाट झोपेत, सकाळी मुंबई. बैठकीत काय ठरायचं? पुढच्या बैठकीची तारीख. पण परतल्यावर टीए बिल भरायला मिळायचं. रिक्षाची पावती नसते, तिथं ‘पावती उपलब्ध नाही’ असं लिहून खाली सही करायची. त्या एका ओळीत माणसाचं इमान, रिक्षावाल्याचं मीटर आणि लेखाविभागाचा संशय असं सगळं मावायचं. आता मुंबईची बैठक येते ती निळ्या अक्षरांची लिंक होऊन. दाबली की मुंबई, पुन्हा दाबली की स्वयंपाकघर. दोन्हींच्या मध्ये भत्ता बसतो कुठं?

तुमचे दोष मला ठाऊक नाहीत असं समजू नका. तुमच्या कडेला किती दुचाक्या आडव्या झालेल्या पाहिल्यात, आणि धुक्यात उभ्या ट्रकांवर आदळलेल्या गाड्याही. आमच्या रुमालवाल्यांत असाही एक होता, ज्याची सीट पुढं कायमची रिकामी राहिली. पगाराचा बराच भाग तुमच्यावर सांडायचा. नागपूर-भंडारा रोड ब्रॉडगेज मेट्रोचा करार २०१८ साली झाला तेव्हा आम्ही गाडीतच पेढे वाटले होते. पेढे पचले, मेट्रोच्या नावानं अजून वाट पाहणं चालू आहे. तेव्हा परत बोलवा म्हणताना मी डोळे मिटून म्हणत नाही.

माझी मागणी साधी आहे. आठवड्यातून दोन दिवस कामाचं निमित्त करून मला पारडीपर्यंत नेऊन आणा. तिथं ऑफिस नसलं तरी चालेल, कोचिंग क्लासच्या पायरीवर बसून लॅपटॉप उघडीन. गावानं मला सकाळी जाताना आणि संध्याकाळी दमून येताना पाहिलं पाहिजे, बस्स. तेवढ्यानं काकांची खात्री पटेल, धानाच्या बोनसचे कागद रविवारवर जातील आणि मुलाच्या सोयरिकीत ‘पोराचा बाप काय करतो’ या प्रश्नाला घरच्यांना खाली बघावं लागणार नाही.

कळावे, लोभ आहेच, तो टोलसकट वाढावा.

आपला,
एक माजी अपडाऊनवाला,
कारधा, जि. भंडारा.

ता. क. २०२५ च्या १५ ऑगस्टपासून फास्टॅगचा वार्षिक पास निघाला, तेव्हा ३००० रुपयांत २०० फेऱ्या. इतकी वर्षं आम्ही फेऱ्या मारल्या तेव्हा हा पास नव्हता. आता पास आहे तर फेरी नाही. तरी उत्साहाच्या भरात जुन्या गाडीवर मी तो घेऊन बसलोय आणि गाडी अंगणात उभी आहे, तिच्यावर कोंबड्या बसतात. वर्ष संपल्यावर उरलेल्या फेऱ्या बुडतात म्हणे. माझ्या फेऱ्या आईच्या अर्ध्या तिकिटाकडे वळवता येतात का, तेवढं माथनीच्या नाक्यावरून उलट टपाली कळवावं.