बिनअद्रकाच्या चहासाठी मुंबई!

अहो, कळलं का काही? भिशीतल्या बाया मुंबईला जाऊन चहा पिऊन आल्या! लग्न नाही, दवाखाना नाही, सिद्धिविनायक नाही. निव्वळ चहा. फुलंब्रीच्या टी-पॉइंटला उभं राहून नुसती मान हलवली तरी हाफ समोर येतो; अन् या रात्रीची देवगिरी पकडून ताजमहाल पॅलेस गाठतात, पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमध्ये खिडकीशी बसतात आणि दुपारचा इंग्रजी चहा मागवतात. बरं, गेलात तर गेलात, गपगुमान परत यावं. छे! स्टेटसवर स्टेटस. घरोघरी सासवांनी झूम करकरून पाहिले.

अन् चहा तरी कसला? ज्या तालुक्याचं अद्रक गाड्या भरभरून बाजारात जातं, तिथल्या लेकीसुनांनी चक्क बिनअद्रकाचा चहा प्यायला! पत्ती उकळलेली नाही, किटलीत गरम पाण्यात नुसती भिजवलेली. दूध वेगळं, साखर वेगळी. म्हणजे चहाचं निम्मं काम गिऱ्हाइकानंच करायचं आणि वर पैसेही त्यानंच मोजायचे.

सोबत तीन मजली तबक, रुखवतासारखं मांडलेलं. हात लावायचा तोही कायद्यानं: आधी तळमजला, मग मधला, शेवटी माळा. खाली काकडीचे सँडविच, कडा कापून टाकलेले. (त्या कडांचं पुढं काय होतं, हे एकीनंही विचारलं नाही. आमच्याकडं त्यांचा चिवडा झाला असता.) मधे स्कोन नावाचे जाडसर गोल पाव, वर गोडधोड. स्कोनवर आधी जॅम की आधी साय, यावरून इंग्लंडात दोन परगण्यांचं आजतागायत जमत नाही. डेव्हनवाले आधी साय लावतात, कॉर्नवॉलवाले आधी जॅम. आपल्याकडच्या बांधाच्या भांडणांना उगाच नावं ठेवतात लोक.

सगळ्यात कहर म्हणजे एकीचा फोटो: कप दोन बोटांत, करंगळी ताठ वर. अगं बाई, आपल्याकडं शाळेत करंगळी वर केली की मास्तर बाहेर सोडायचे! अन् खुद्द इंग्रजी रीतभात शिकवणारेही करंगळी खालीच ठेवा म्हणतात.

मूळ खोड एका सरदारणीची. बेडफर्डची डचेस अ‍ॅना. साधारण 1840 ची गोष्ट. दुपारचं खाणं हलकं, रात्रीचं जेवण आठाच्या सुमाराला, मधे बाईंच्या पोटात खड्डा पडायचा. मग खोलीत चहा, पाव, लोणी मागवायला लागल्या. पुढं मैत्रिणी बोलावल्या. झाली प्रथा! आमच्याकडं चारला भूक लागली तर बाई उभ्या उभ्या भाकरीचा तुकडा मोडते. तिच्या नावानं कुणी प्रथा पाडली नाही.

पण इंग्रजी चहानं महाराष्ट्राची अब्रू पहिल्यांदा घालवली ती 1890 साली, पुण्यात. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला म्हणून मंडळी जमली. कोण कोण? न्यायमूर्ती रानडे, टिळक आणि बरीच जाणती माणसं. पुढ्यात चहा-बिस्किटं आली. कुणी प्यायले, कुणी मान राखायला कप नुसता हाती धरला. हा बेत घडवून आणणारे डॉ. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी. त्यांनीच मग सगळ्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. तेव्हाचं स्टेटसच हो ते, फक्त दुसऱ्यानं टाकलेलं! ग्रामण्य माजलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनीही पुढं घेतलं. म्हणजे कपात काय होतं, याची फिकीर कुणालाच नव्हती. कुणाच्या हातचा, कुणाच्या पंगतीत, एवढाच प्रश्न.

अजून तरी काय बदललंय? अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री चहापानाला बोलावतात, अन् विरोधक बहिष्कार टाकतात. पक्ष बदलतात, खुर्च्या बदलतात, बहिष्कार तेवढा कायम. आपले हरिभाऊ बागडे 2014 ते 2019 विधानसभेचे अध्यक्ष होते, तेव्हाही हेच चाललं. त्या चहात अद्रक होतं का, हे एकाही पत्रकारानं विचारलेलं आठवत नाही.

तेव्हा भिशीतल्या बायांचा गुन्हा चहाचा नाहीच. त्या कुणाला न विचारता गेल्या, पायांवर पाय टाकून बसल्या, पाण्याचा ग्लाससुद्धा दुसऱ्यानं आणून दिला, अन् हे गावाला दिसलं, हा गुन्हा! स्थळं बघायला म्हणून त्याच सी लाउंजमध्ये बसलेल्या घराण्यांचे किस्से मुंबईकर मोठ्या कौतुकानं सांगतात. सून पसंत करायला गेलं तर खानदानी, सुनाच आपापल्या गेल्या तर थेरं.

आणि आतली खबर सांगू? एवढं करून यांनी तिथं दुसऱ्यांदा काय मागून घेतलं असेल? शेव-बटाटा पुरी! मिळते हो तिथं, इंग्रजी चहाच्या जोडीला भेळही असते. स्कोनचा एक घास खाल्ला, उरलेला पर्समध्ये गेला, अन् ताटल्या चाटूनपुसून साफ झाल्या त्या चटणीच्या.

आता आळीत विचारणा चाललीय, यांना प्रायश्चित्त काय द्यायचं? काही द्यायला नको. रानड्यांच्या प्रायश्चित्ताला दीड-दोन वर्षं लागली. यांचं खुर्चीवरून उठायच्या आत टेबलावर आलं, 18 टक्के जीएसटी जोडून.