घरचा नंबर

इमारत पाडायला दिली की माणसं भाड्याच्या घरात जातात आणि तिथे त्यांचे प्रकार पडतात. एक दर रविवारी खड्डा बघून येतो. दुसरा बिल्डरबरोबरच्या करारातली कलमं तोंडपाठ म्हणून दाखवतो. तिसरा प्रकार विरळा, पण ठाणे-डोंबिवलीकडे दोन-चार गल्ल्या फिरलात तर एखादा भेटतोच: लँडलाइनवाले काका.

आमच्या मजल्यावरचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. जुन्या इमारतीबरोबर त्यांची तांब्याची तारही गेली, आणि नव्या पत्त्यावर केबल येत नाही असं उत्तर मिळालं. मोबाइलवाल्याला 2011 पासून नंबर न बदलता कंपनी बदलता येते. लँडलाइनवाल्याला ती सोय नाही. त्याचा नंबर जिथला तिथेच राहायचा. मुलगा म्हणाला, "बाबा, घरात तीन माणसं, तीन मोबाइल. कशाला हवाय आता फोन?"

"ते आपापले आहेत," काका म्हणाले. "घराला फोन कुठाय?"

हसू नका. काकांच्या पिढीत फोन माणसाला नसायचा, घराला असायचा. नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं, तोवर लग्नपत्रिकेवर शेजाऱ्यांचा नंबर छापून पुढे पी.पी. लिहायचं. यथावकाश फोन आला की त्याला स्टूल, स्टुलाला विणलेला रुमाल, बाजूला डायरी आणि डायरीला दोऱ्याने बांधलेलं पेन. फोन कुणाचाही असो, आधी काका उचलणार, "कोण बोलतंय? कुठून? काय काम होतं?" एवढी उलटतपासणी करणार आणि मग रिसीव्हर पुढे देणार. कुणाची बदली झाली, कुणाचं कुठे ठरतंय, सगळं त्यांच्या कानावरून जायचं. मोबाइल आले आणि काकांच्या हातून गृहखातं गेलं.

ते परत मिळवायला त्यांनी राउटर आणला. पण तो सहजासहजी मिळाला नाही. 2016 साली जिओ आलं तेव्हा तळहातात मावणारी जिओफायची डबी निघाली होती. डबीत सिम घालायचं आणि मोबाइलमधल्या अॅपवरून बोलायचं. काकांनी ती तेव्हाच नापास केली होती. कारण एकच, तिला रिसीव्हर नव्हता. या वेळी ते दुकानात शिरले तेव्हा पोरगा म्हणाला, "वायफाय हवंय ना, काका?"

"नाही. फोन हवाय."

"मोबाइल दाखवू?"

"राउटर दाखव. मागे फोनची वायर खोचायला जागा असलेला."

पोराने या उद्देशाने राउटर घेणारं गिऱ्हाइक प्रथमच पाहिलं असावं. त्याने मालकाला हाक मारली. चार-पाच डबे उलटेपालटे झाल्यावर तशी खाच असलेला एक निघाला. त्यात सिम घातलं, काकांचा जुना लाल फोन मागे जोडला, रिसीव्हर उचलला आणि आत डायलटोन आला. काकू सांगतात, नातू झाला तेव्हाही यांचा चेहरा इतका फुलला नव्हता.

पुढचा आठवडा राउटरला जागा शोधण्यात गेला. भाड्याचं घर तळमजल्यावर, समोर भिंत. काकांनी मुलाच्या मोबाइलवर सिग्नल मोजायचं अॅप घालून घेतलं आणि ते घरभर फिरू लागले. हा हिशेब सगळा उणे आकड्यांत असतो. उणे 80 चांगला, उणे 110 वाईट. हॉलमध्ये उणे 108, देवघरात उणे 104. शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीत, लोणच्याच्या बरणीच्या जागी, उणे 86 सापडला. बरणी हलली. त्या खिडकीबाहेर ओली चादर वाळत घालायची नाही, असा हुकूम निघाला. स्टूल मात्र परंपरेने हॉलमध्येच राहणार होतं. म्हणून खिडकीपासून स्टुलापर्यंत, दाराच्या चौकटीवरून वळसा घालत, बारीक खिळे मारून वायर आली. बिनतारी तंत्रज्ञानाला घरात इतकी तार लागलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

माळ्यावर चकती फिरवायचा काळा फोनही होता. काकांनी मोठ्या आशेने तो जोडून पाहिला. घंटी वाजली, बोलणं झालं, पण नंबर काही लागेना. चकतीचे टकटक ठोके त्या राउटरला कळत नव्हते. त्याला बटणांचे सूर लागतात. काकांनी तोडगा काढला. आलेला फोन काळ्यावर घ्यायचा, करायचा तो लालवरून. आता स्टुलावर दोघं शेजारी शेजारी असतात आणि पाहुण्यांना त्यांची कामाची वाटणी समजावून सांगितली जाते.

फोन करण्याचेही नियम आहेत. आकडे दाबून झाले की राउटर काही सेकंद गप्प बसतो, कारण अजून आकडा येणार आहे की संपले हे त्याला ठाऊक नसतं. शेवटी हॅश दाबलं तर लगेच लागतो. काकू हॅश दाबत नाहीत. "तेवढ्यात काय बोलायचं ते आठवतं," म्हणतात. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावं लागतं. काकांचं सिम मोबाइलचंच, त्याला ही सक्ती नाही. तरी काका शून्य लावतात. न लावता फोन लागला असता तर आपली लँडलाइन नाही हे कबूल करावं लागलं असतं.

आवाजाबद्दल मात्र काकूंची तक्रार आहे. जुन्या तारेवर साधारण 300 ते 3400 हर्ट्झमधला आवाज यायचा. आता फोर-जीवर, समोरचाही तसाच असेल तर, 50 ते 7000 पर्यंतचा येतो. "वन्संचा श्वाससुद्धा ऐकू येतो," काकू म्हणाल्या. "पूर्वी खरखर व्हायची, तर नीट ऐकू येत नाही म्हणून ठेवता यायचा."

काकांनी बँक, गॅस, सोसायटी, सगळीकडे हाच नंबर दिला. घराचा व्यवहार घराच्या नंबरावर! मग एक दिवस गॅसवाला आला. खांद्यावर सिलिंडर, दारात उभा. "काका, कोड सांगा." कोड आला होता राउटरमध्ये, आणि राउटरला पडदा नाही. काकांनी लॅपटॉप काढला, तो सुरू व्हायला वेळ लागला, मग 192.168.1.1 टाकलं, मग पासवर्ड. पासवर्ड डायरीत, डायरी स्टुलावर, चष्मा देवघरात. गॅसवाल्याने सिलिंडर खाली ठेवलं, काकूंनी त्याला चहा दिला. चहा संपता संपता आतून चार आकडे गर्जना करत आले. गॅसवाला हल्ली या घरी शेवटी येतो. चहाची वेळ जुळते.

दिवे गेले की काका हळवे होतात. जुन्या फोनला एक्स्चेंजकडून 48 व्होल्ट तारेतूनच मिळायचे, अंधारातही तो बोलायचा. राउटर वीज गेली की गप्प. म्हणून त्याच्यासाठी वेगळी बॅटरी आली. पंख्याला नाही. पूर्वी दोन महिन्यांनी बिल यायचं, आता 28 दिवसांनी रिचार्ज. वर्षाचे 13 महिने होतात हे काकांनी मला कॅलेंडरवर खुणा करून पटवलं. एकदा रिचार्ज विसरला तर दारातच भेटले आणि म्हणाले, "घराची व्हॅलिडिटी संपली."

गणपतीत काका गुहागरकडे गावी जातात. यंदा पिशवीत मोदकपात्राशेजारी राउटर होता आणि लाल फोन उपरण्यात गुंडाळलेला. गावच्या पडवीत उणे 79 निघाला म्हणे, शहरापेक्षा सरस. दुसऱ्या दिवशी मी सहज नंबर फिरवला. घंटी वाजली, रिसीव्हर उचलला गेला. मागे आरती चालू होती.

"कोण बोलतंय?"

"मी, समोरचा. काका, कुठे आहात?"

"कुठे म्हणजे? लँडलाइनवर फोन केलास ना? घरीच."

"तुमच्या दाराला कुलूप आहे."

पलीकडे क्षणभर फक्त टाळ वाजले.

"बरं, तू दारातच आहेस तर एक काम कर," काका म्हणाले. "दूधवाल्याला सांग, परवापासून घाल. आणि तुझं नक्की काय काम होतं?"